माझ्या लेकीचा सत्कार राहू द्या, लेकरांचं रात्रीचं जेवण सुरू करा

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक),
जिल्हा परिषद

विषय: हंगामी वसतिगृहाचा परत आलेला प्रस्ताव आणि तिसरीतल्या एका मुलीचा सत्कार

साहेब, नमस्कार.

तुमच्या कार्यालयाकडून आमच्या शाळेला एकाच आठवड्यात दोन कागद आले. पहिल्यात लिहिलंय की आमच्या गावचा हंगामी वसतिगृहाचा, म्हणजे ऊसतोडीला गेलेल्या आईबापांच्या मागं राहिलेल्या लेकरांच्या जेवणा-अभ्यासाच्या केंद्राचा, प्रस्ताव मंजूर करता येत नाही, कारण स्थलांतरित पालकांची मुलं ‘नातेवाइकांकडे सुरक्षित असून गावातील लोकसहभाग समाधानकारक आहे’. दुसऱ्यात लिहिलंय की तिसरीतल्या एका विद्यार्थिनीनं वर्गातल्या मुलांना लावलेला जीव पाहून तिचा प्रजासत्ताक दिनी तालुक्याला सत्कार करायचं ठरलंय. ती विद्यार्थिनी माझी लेक आहे. आणि पहिल्या कागदातला ‘लोकसहभाग’ म्हणजे बऱ्याच अंशी तीच आहे.

दोन्ही कागदांवर सही एकाच हाताची आहे. म्हणून हे पत्र तुम्हाला, आणि म्हणून ते उघडपणे. आमचे याआधीचे अर्ज आवक नोंदीला लागले, त्यांच्यावर शिक्के बसले. पुढं काय झालं ते त्या शिक्क्यालाच माहीत.

मी बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका गावात राहते. शिवणकाम करते, नवरा जीप चालवतो. शाळा व्यवस्थापन समितीवर मी पालक सदस्य आहे, त्यामुळं त्या प्रस्तावावर माझीही सही आहे. माझे आईबाप ऊसतोडीला जायचे. कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, राहून धाकट्या भावाला सांभाळायचं काम मी केलेलं आहे, आणि शाळा कशी सुटते हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. एका हंगामात सुटत नाही ती. आल्यावर वाचता येत नाही, मग लाज वाटते, मग पोटात दुखायला लागतं, मग पुढच्या वर्षी आईच म्हणते, चल बाई संगं. आमच्या गावातून अजूनही दिवाळीच्या आगेमागे निम्म्याहून जास्त घरांना कुलूप लागतं. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दोघंही यायला तयार असल्याशिवाय मुकादम, म्हणजे मजूर नेणारा ठेकेदार, उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देत नाही. मागं राहतात म्हातारी माणसं, आणि त्यांच्या भरवशावर ठेवलेली काही लेकरं.

आता माझ्या लेकीबद्दल सांगते. तुमच्या पत्रात तिच्याबद्दल दोन ओळी आहेत, मला जास्त माहिती आहे.

ती काही संत नाही. घरात धाकट्या भावाला पेन्सिल देत नाही, केस विंचरताना घर डोक्यावर घेते. पण वर्गात तिच्या शेजारी बसणारी मैत्रीण आईबापाबरोबर कारखान्याला गेली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी हिनं माझ्याकडं नवी वही मागितली. मला वाटलं, जुनी संपली. तर म्हणाली, ‘माझी नाही संपली. ही तिची.’ तेव्हापासून ती दोन वह्या लिहिते. एक स्वतःची, एक मैत्रिणीची. मैत्रिणीच्या वहीला वर्तमानपत्राचं कव्हर घातलंय, वर तिचं नाव घातलंय. रोजची तारीख, फळ्यावरचं सगळं, घरचा अभ्यास. एकदा मी पाहिलं तर त्या वहीतल्या गणितांची उत्तरं रिकामी सोडलेली. मी म्हटलं, कंटाळा आला का गं? तर म्हणते, ‘समदं मीच केलं तर ती आल्यावर काय करल?’

हे तिला कुणी शिकवलेलं नाही. मी तर नाहीच. माझ्या डोक्यातसुद्धा आलं नसतं.

सर हजेरी घेतात तेव्हा मैत्रिणीचं नाव आलं की ही उभी राहते आणि सांगते, ‘सर, ती कारखान्याला गेलीय, नाव राहू द्या.’ सर नाव काढणार नाहीतच, कायद्यानं तसं काढताही येत नाही. पण हिचा विश्वास नाही. रोज सांगते. सरांनीही आता एक करून ठेवलंय, ते नाव घेतात आणि हिच्याकडं बघून थांबतात.

वर्गात एक मुलगा आहे, आजीजवळ राहतो. आजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चूल एकदाच पेटते. हे मला लेकीकडून कळलं, तेही असं की एका शनिवारी रात्री झोपताना तिनं विचारलं, ‘आई, उद्या शाळा नाही, खिचडी नाही. मग त्यो काय खातो?’ त्यानंतर माझी एक भाकरी जास्त जायला लागली. पण ती त्याला कशी देते ते ऐका, कारण या सगळ्या पत्रात मला सगळ्यात जास्त अभिमान त्याचाच आहे. ती त्याला ‘घे’ म्हणत नाही. म्हणते, ‘मला संपना गेली, परत नेली तर आई ओरडती, तू संपीव की.’ माझ्यावर खोटा आळ घेतला पोरीनं, पण त्या लेकराची मान खाली जाऊ दिली नाही. तो पण मोठ्या उपकाराच्या तोऱ्यात खायचा म्हणे, शेंगदाण्याची चटणी कमी असली तर तक्रारसुद्धा करायचा.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, तिनं त्याला आणि मागं राहिलेल्या आणखी दोघांना आमच्या शेतात आणलं. आंबील झाली, भज्जी झाली, बाजरीचे उंडे झाले. कडब्याची कोपी करून आत पूजा मांडली होती. तो मुलगा कोपीत डोकावला आणि म्हणाला, ‘आमच्या आई-बापूची बी अशीच हाय तिकडं.’ मोठी माणसं सगळी गप्प झाली. लेकरं मात्र आंबीलीसाठी भांडायला लागली.

अशा लेकराची आई असल्याचं मला किती वाटतं ते मी तुम्हाला सांगत बसत नाही, तुम्हीही कुणाचे तरी वडील असाल. तरीही तो सत्कार मी घेऊ देणार नाही. का ते आता सांगते.

एक. फोटो.

तुमच्या कार्यालयातले एक साहेब डिसेंबरात शाळेवर आले. दोन वह्यांची गोष्ट त्यांनी ऐकली, खूश झाले, ते साहजिक आहे. मग त्यांना भाकरीचंही कळलं. त्यांनी दोघांना मैदानात बोलावलं, माझ्या लेकीच्या हातात भाकरी दिली, त्या मुलाला हात पुढं करायला लावला आणि फोटो काढला. नीट आला नाही म्हणून पुन्हा काढला. संध्याकाळपर्यंत तो आमच्या शाळा-केंद्राच्या, तालुक्याच्या, जिल्ह्याच्या सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर होता. खाली ‘गरीब वर्गमित्राची भूक भागवणारी चिमुकली’. दोघांची नावं, शाळेचं नाव, गावाचं नाव.

साहेब, तो मुलगा आता माझ्या लेकीजवळ बसत नाही. चौथीतली पोरं त्याला ‘फोटोवाला’ म्हणतात. भाकरी पुढं केली तर ‘मला भूक नाही’ म्हणतो. त्याच्या आजीला फोटो दिसला नाही, पण शेजाऱ्यांनी सांगितला. ती माझ्या दारात येऊन म्हणाली, ‘बाई, आम्ही मागून खातो असं छापलं का गं?’ माझ्या लेकीनं मला एकच विचारलं, ‘सायबाला सांगितलं कुणी?’ महिनाभर जे तिनं जपून चालवलं होतं, ते तुमच्या माणसानं पाच मिनिटांत मोडलं. आठ वर्षांच्या मुलीला जे कळत होतं, की देताना समोरच्याची मान खाली होऊ द्यायची नाही, ते शिक्षण खात्यात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला कळू नये, याचा मला राग आहे. त्या साहेबांवर कारवाई करा असं मी म्हणत नाही. त्यांनी मनात वाईट आणलं नसेल. पण फोटो काढून टाका, आणि ज्याला मदत मिळते त्या लेकराचा चेहरा यापुढं कुठल्याही ग्रुपवर येणार नाही असं लेखी परिपत्रक काढा.

दोन. वसतिगृह.

नाव मोठं आहे, आमच्याकडं ते चालू होतं तेव्हा प्रत्यक्षात काय होतं ते वाचणाऱ्यांना सांगते. शाळेच्या एका खोलीत सकाळ-संध्याकाळ जेवण, संध्याकाळी दीडेक तास अभ्यास, देखरेखीला गावातलीच एक बाई. झोपायला लेकरं आपापल्या आजीकडं. समितीनं चालवायचं, पैसा शासनाचा. इतकी साधी गोष्ट. पण तेवढ्यानं आईला लेकरू मागं ठेवायचा धीर येतो.

गेल्या वर्षी हे केंद्र संक्रांतीनंतर सुरू झालं. माणसं गेली होती दिवाळीत. ट्रक दारात उभा असतो, भांडी चढलेली असतात, तेव्हा बाप मुख्याध्यापकांना विचारतो, ‘सर, जेवणाचं नक्की हाय का?’ सर काय सांगणार? ‘प्रस्ताव पाठवलाय.’ प्रस्तावाच्या भरवशावर कुणी लेकरू मागं ठेवत नाही. चढवतात ट्रकमध्ये. माझ्या लेकीची मैत्रीण अशीच गेली. आणि आता तुमचं कार्यालय म्हणतं, मागं राहिलेल्या मुलांची संख्या फार नाही. कशी असेल?

शाळेत दुपारचं जेवण मिळतं ना, असं तालुक्याला एकानं विचारलं. मिळतं. आणि त्या जेवणाचा हिशोब शासनानं नीट केलेला आहे: पहिली ते पाचवीच्या लेकराला १०० ग्रॅम तांदूळ, ४५० कॅलरी, १२ ग्रॅम प्रथिनं. स्वयंपाक करणाऱ्या बाईला पण तोंडपाठ आहे. रात्रीचा हिशोब कोणत्या कागदावर आहे? शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस शाळा सांगितली आहे. उरलेले दिवस, आणि शाळेच्या दिवसांतलीसुद्धा प्रत्येक रात्र, माझ्या लेकीच्या डब्यावर टाकायची का?

तुम्ही म्हणाल, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आहे. आहे. २०२१ मध्ये मंत्रिमंडळानं ४१ तालुक्यांत मिळून ८२ वसतिगृहांना मान्यता दिली, तेव्हा आमच्या गावातही लोकांना बरं वाटलं होतं. तालुक्याच्या ठिकाणी मोठ्या लेकरांना त्याचा उपयोग होईल. पण सात-आठ वर्षांचं लेकरू आजीचा पदर सोडून तालुक्याला राहत नाही. त्याच्यासाठी गावातलंच केंद्र लागतं. एकाचं कारण सांगून दुसरं बंद करू नका.

तीन. लोकसहभाग.

याबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण ही सवय एकट्या तुमच्या कार्यालयाची नाही. २०२३ च्या नोव्हेंबरात शाळेच्या आहारात आठवड्याला एक अंडं, न खाणाऱ्याला केळं, असं सुरू झालं. अंड्याच्या दिवशी आमच्या शाळेत हजेरी वाढायची, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. २०२५ च्या जानेवारीत सरकारनं त्याचे पैसे थांबवले आणि सांगितलं, द्यायचं तर लोकवर्गणीतून द्या. ज्या गावातली निम्मी माणसं उचल फेडायला दुसऱ्याच्या फडात ऊस तोडतायत, त्या गावात वर्गणी मागायची कुणाला? आम्ही तरी मागितली. शाळेला कंपाऊंडचा रंग लोकवर्गणीतून, टीव्ही लोकवर्गणीतून, पाण्याची टाकी लोकवर्गणीतून. गाव देतं, कारण लेकरं आपली आहेत. पण गाव देतंय हे दिसलं की शासन हात काढून घेतं, असं आम्हाला दरवेळी दिसतंय. आता तर तिसरीतल्या मुलीची भाकरी तुमच्या फायलीत ‘समाधानकारक लोकसहभाग’ म्हणून लागली.

मग मी माझ्या लेकीला काय सांगू? भाकरी देऊ नको, तुझ्यामुळं केंद्र मिळत नाही, असं? हे तुम्ही मला सांगा.

कायदा मी समितीच्या प्रशिक्षणात शिकले, तेही तुमच्याच खात्यानं घेतलं होतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम ९ मध्ये स्थानिक प्राधिकरणाची, म्हणजे इथं जिल्हा परिषदेची, कामं लिहिली आहेत. त्यात स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांचा शाळाप्रवेश निश्चित करायचं काम वेगळं नमूद केलेलं आहे. वर्गमैत्रिणींची कामं त्यात मला कुठं दिसली नाहीत.

चार. शिक्षण हमी कार्ड.

जाणाऱ्या लेकराला आमची शाळा कार्ड देते, की जिथं जाल तिथल्या शाळेत दाखवा, बसवून घेतील. मैत्रिणीच्या आईनं ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेलं. फड बागलकोटकडं. जवळची शाळा कानडी, कोपीपासून लांब, आणि पहाटे आईबाप फडात गेल्यावर दीड वर्षाच्या भावाला सांभाळायला ती मैत्रीणच. पूर्वी काही कारखान्यांवर साखरशाळा चालायच्या. कायदा आल्यावर लेकरं नियमित शाळेतच हवीत म्हणून त्या बहुतेक ठिकाणी मागं पडल्या. विचार चांगला होता, पण मधल्या मधे ही लेकरं कुठल्याच शाळेत बसत नाहीत. रात्री रेंज आली तर बापाच्या मोबाईलवर दोघी बोलतात, आणि माझी लेक तिला फोनवर धडा वाचून दाखवते. मध्येच ‘तू म्हण’ म्हणून थांबते. पलीकडून बाळाचं रडणं ऐकू येतं.

सरकारच्या ‘निपुण’ अभियानात तिसरीपर्यंत प्रत्येक लेकराला समजून वाचता आलं पाहिजे, २०२६-२७ पर्यंत, असं ठरलंय. शाळेच्या भिंतीवर तसं रंगवलेलं पण आहे. ती मुलगी तिसरीतच आहे. पट्टा पडल्यावर, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपल्यावर, ती परत येईल तेव्हा परीक्षा तोंडावर असेल, आणि तिला द्यायला शाळेकडं एका वहीशिवाय काहीही नसेल. ती वहीसुद्धा शाळेची नाही.

आमच्या मागण्या फार नाहीत.

१. आमच्या गावचा प्रस्ताव आत्ता मंजूर करा. हंगाम अजून बाकी आहे. पट्टा पडून आईबाप घरी येईपर्यंत दोन वेळचं जेवण आणि संध्याकाळचा अभ्यास सुरू राहिला पाहिजे.

२. पुढच्या वर्षीपासून निर्णय दसऱ्याच्या आधी कळवा, म्हणजे आईबापाला उचल घेतानाच लेकरू ठेवायचं की न्यायचं ते ठरवता येईल. मंजुरीबरोबर पहिला हप्ताही द्या. गेल्या वर्षी स्वयंपाक केलेल्या बाईचं मानधन आणि किराणावाल्याची उधारी अजून थकलेली आहे, तो किराणावाला आता समितीतल्या माणसाला बघितलं की खाली मान घालून पुड्या बांधतो.

३. तो फोटो सगळ्या ग्रुपांवरून काढून टाका. वर लिहिलंच आहे.

४. परत येणाऱ्या लेकरांसाठी कायद्याच्या कलम ४ मध्ये विशेष प्रशिक्षण आहे. ते शाळाबाह्य मुलांच्या यादीत नाव आल्यावर द्यायची वाट बघू नका. ही लेकरं पटावर आहेत म्हणून त्यांना शाळाबाह्य धरत नाहीत, आणि सहा महिने शाळेत नसतात म्हणून त्यांना काही येत नाही. मार्चपासून उन्हाळी सुट्टीतही चालेल असा वर्ग द्या. सर शिकवायला तयार आहेत, मी त्यांना विचारलंय. आणि कार्ड दिलेल्या लेकरांची यादी जिथं ती गेली त्या तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं पाठवा. कार्ड लेकराच्या पिशवीत राहून उपयोग नाही, दोन कार्यालयांनी एकमेकांशी बोललं पाहिजे.

राहिला सत्कार. माझी लेक २६ जानेवारीला तालुक्याला येणार नाही. ती गावातल्या शाळेत झेंडावंदनाला असेल, कवायतीत दुसऱ्या रांगेत. तिला सत्काराचं मी अजून सांगितलेलं नाही, कृपा करून शाळेतही कुणी सांगू नये. शाल-श्रीफळाचा आणि ढालीचा जो काही खर्च धरला असेल तो त्या किराणावाल्याच्या बिलात वळता करता येत असेल तर बघा, नियमात बसत नसेल तर सोडून द्या.

या पत्राचं उत्तर समितीच्या नावानं लेखी पाठवा. केंद्रप्रमुखांच्या हाती तोंडी निरोप देऊ नका. ते बिचारे तुमचंही ऐकतात आणि आमचंही, आणि एकाच मोटारसायकलवर सगळ्या केंद्राच्या शाळा फिरतात.

आपली,
तिसरीतल्या एका मुलीची आई
सदस्य, शाळा व्यवस्थापन समिती